तारलीचा माग

शिरबंदरच्या डोर्लेकरांची प्रणाली शास्त्रज्ञ झाली, एवढं गावाला ठाऊक होतं. ती नेमकं काय करते हे मात्र तिच्या आईलाही धड सांगता यायचं नाही. "मासा पवतो ना, तेव्हा त्याच्या बाजूचं पाणी कसं हलतं ते बघते," असं आई म्हणायची, आणि ऐकणारी शेजारीण विचारायची, "आणि त्याचा पगार देतात?"

देत होते. खाडीच्या तोंडाशी, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या जागेवर तिची प्रयोगशाळा होती. आत काचेचा एक लांब बोगदा. पंपाने त्यातलं पाणी सतत वाहतं ठेवलेलं, त्यामुळे माणूस ट्रेडमिलवर चालतो तसा मासा एकाच जागी पोहत राही. पाणी हललं तरी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती त्यात चांदीचा मुलामा दिलेले काचेचे कण सोडायची. पिठाहून बारीक, ना बुडणारे, ना तरंगणारे. मग माशांना न दिसणाऱ्या लेसरचा झोत पापडासारखा पातळ करून बोगद्यात आडवा धरायचा. त्या पातळीत आलेले कण तेवढे कॅमेऱ्यात चमकत. कॅमेरा डोळ्याची पापणी लवायच्या आत शेकडो चित्रं घेई, लागोपाठच्या दोन चित्रांत कुठला कण किती सरकला हे संगणक जुळवी, आणि पडद्यावर बारीक बाण उगवत. पाणी कुठून कुठे, किती वेगाने चाललंय, ते सगळं त्या बाणांत.

तिने या बोगद्यात तारल्या सोडल्या, तेव्हा बाणांनी एक गोष्ट स्वच्छ दाखवली. तारली शेपटी मारते तेव्हा मागे पाण्याचे भोवरे सुटतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. या भोवऱ्यांच्या मधोमध अशी एक जागा असते की तिथे दुसरी तारली आली, तर पाणीच तिला पुढे रेटतं. तिचे निम्मे कष्ट वाचतात. ही जागा ती डोळ्यांनी शोधत नाही. तिच्या डोक्याभोवती कातडीखाली नळ्यांचं बारीक जाळं असतं, पाण्याचा दाब जरा बदलला की त्याला कळतं. पहिलीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी. लाखो तारल्यांचा थवा समुद्रात एका अंगाने वळतो, तो असा एकमेकींच्या मागावर टेकून.

प्रणालीने पुढचं पाऊल टाकलं, आणि तिथून सगळं सुरू झालं. तिने रबरी शेपट्यांची एक चौकट बनवली. ती शेपट्या अशा ठेक्यात मारी की मागे सुटणारे भोवरे खऱ्या तारलीपेक्षाही आरामशीर असत. पुण्याच्या 'नीलगती' नावाच्या कंपनीने ती उचलून धरली, आणि पहिली चाचणी प्रणालीच्या थोरल्या भावाच्या, रुपेशच्या बोटीवर झाली. चौकट पाण्यात सोडली, बोट सावकाश चालू लागली, आणि खालचा थवा आपला म्होरक्या सोडून हिच्या मागे लागला. बोट वळली तसा थवा वळला. रुपेशने त्याला थेट जाळ्यात नेला. मासे आपल्या पायांनी आल्यासारखे आले.

"पने," रुपेश डोक्याला हात लावून म्हणाला होता, "आमच्या बापाने जन्मभर ह्यांच्या मागे धाव घेतली. आणि तू त्यांना आमच्या मागे लावलंस गो!"

लोकांनी त्या यंत्राला 'वाटाड्या' म्हणायला सुरुवात केली. दोन हंगामांत किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या बोटीवर वाटाड्या बसला. पूर्वी बोटीवर वीस-पंचवीस खलाशी लागत. आता चौघांत भागू लागलं. पाण्याचा रंग बघून मासा ओळखणारे लोक घरी बसले. रुपेशने त्यातला मुनाफ तेवढा ठेवून घेतला, लहानपणापासूनचा मित्र म्हणून. बाकीचे मुंबईला गेले, आखातात गेले. पण जेटीवर मासा इतका येत होता, की कुरकुर ऐकायला कुणाला उसंत नव्हती.

मग एका वर्षी तो कमी आला. पुढच्या वर्षी आणखी कमी. त्याच्या पुढच्या वर्षी वाटाड्या लावून बोटी दिवसभर फिरत आणि त्यांच्या मागे नुसतं पाणी येई.

रुपेश एका सकाळी पत्र्याच्या पिंपात जिवंत तारल्या घेऊन प्रयोगशाळेत आला. पिंप ठेवून म्हणाला, "ह्यांना काय झालंय ते बघ. एकेकटी सापडते. इथे एक, तिथे एक. आणि अंगावर काही नाही, नुसता काटा."

प्रणालीने त्या बोगद्यात सोडल्या. तिने एकीला दुसरीच्या मागच्या त्या आयत्या जागेत आणलं. पडद्यावर बाण पुढे रेटताना दिसत होते. तारलीने नुसतं अंग सोडलं असतं तरी चाललं असतं. पण भोवरा डोक्याला लागताच ती चटका बसल्यासारखी बाजूला झाली, आणि काचेला लागून एकटीच शेपटी मारत राहिली. प्रणालीने पुन्हा लावून पाहिलं. दुसरी घेतली, तिसरी घेतली. संध्याकाळपर्यंत तेच.

रुपेश चहाचा कप हातात धरून मागे उभा होता. "घाबरतात?"

"नाही. यांना मागे जायची ओढच नाही." ती पडद्यावरची नजर न काढता सांगत होती. "ज्या तारल्यांना मागावर जायची ओढ होती, त्या सगळ्या वाटाड्याच्या मागे गेल्या. जाळ्यात. ज्यांना ती कमी होती त्या मागे उरल्या, त्यांचीच पोरं झाली. तारली वर्षभरात वयात येते, दादा. आपण दर वर्षी चाळण लावत गेलो. आता खाली हेच उरलं."

"मग पवूं देत एकेकट्या. पवतात ना?"

"दमतात. एकटीला दुप्पट कष्ट पडतात, म्हणून अंगावर मांस नाही. आणि तारली अंडी उघड्या पाण्यात सोडते. शेजारी नर असला तरच ती फळणार. शेजारीच कुणी नसेल तर..."

रुपेशने चहाचा कप टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे हे आपण केलं."

"हो," प्रणाली म्हणाली.

त्या संध्याकाळी ती घरी गेली, भात टाकला, जेवली, भांडी घासली. आपल्याला आता काहीतरी होईल, अशी ती वाट बघत होती. काही झालं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो आपलाच, पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो, तसं तिला सगळं अंगभर झालं होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच होतं. पुढे महिने गेले, तरी ती सुई उतरली नाही. ती वेळेवर कामाला जाई, मोजमापं घेई, विचारलं तर नीट उत्तर देई. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे.

त्या मोजमापांत एकच गोष्ट वेगळी निघाली. तारलीला खूप दमवलं, बोगद्यातलं पाणी जोरात सोडलं, की अगदी थोड्या तारल्या नाइलाजाने दुसरीच्या मागे सरकत. क्वचित एखादी तिथे टिकूनही राही. म्हणजे ओढ मुळासकट गेली नव्हती. समुद्र काही वर्षं मोकळा सोडला, तर एकटीपेक्षा मागावरची तारली जास्त तगेल, तिची पिल्लं जास्त होतील, आणि चाळण उलटी फिरेल. प्रणालीने हे 'नीलगती'च्या हर्षल बोराला सांगितलं, सरकारी समितीला सांगितलं. समितीने विषय पुढच्या बैठकीत ठेवला.

बोरा स्वतः शिरबंदरला आला. चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. जेटीवर ओळीने बांधून ठेवलेल्या बोटी बघून त्याचा चेहरा खरोखरच पडला होता.

"मॅडम, तुम्ही काही वर्षं म्हणता. ही माणसं काही वर्षं काय करणार? मला रोज फोन येतात, तुम्हीच आम्हाला हे यंत्र दिलंत म्हणून." त्याने टॅबलेट तिच्यापुढे सरकवला. "तुमच्या जुन्या टिपणात सुरमईच्या भोवऱ्यांचं मोजमाप आहे. तारली दुसऱ्या तारलीच्या मागे जात नसेल, पण सुरमई आली की पळते ना?"

पळत होती. ते भय ओढीपेक्षा खूप जुनं होतं. बोराची कल्पना सोपी होती. छोट्या यंत्रतराफ्यांचं मोठं कडं समुद्रात सोडायचं. प्रत्येक तराफा शिकारी सुरमईसारखं पाणी ढवळणार. कडं आवळत आणलं, की आतली प्रत्येक एकटीदुकटी तारली मधे गोळा होणार, आणि मधे जाळं. जंगलात रान उठवतात तसं. त्याने नावही ठरवलं होतं, 'हाकारा'. फक्त नेमका ठेका हवा होता. किती वेगाने शेपटी मारली की तारलीला ती सुरमईच वाटेल, हे सांगू शकेल असं माणूस त्याच्या ओळखीत एकच होतं.

"उरलेली सगळी निघेल यात," प्रणाली म्हणाली.

"एक-दोन हंगाम निघतील. तोवर समिती काहीतरी ठरवेल." तो जरा थांबला. "तुम्ही नाही केलंत तर दुसरं कुणी करेल. मला ते तुमच्या हातून झालेलं आवडेल."

त्या रविवारी ती भावाकडे जेवायला गेली. आई गेल्यापासून महिन्यातून एकदा जायचं ठरलेलंच होतं. सायलीवहिनीने डाळ आणि बटाट्याची भाजी वाढली. डोर्लेकरांच्या घरात रविवारी डाळ.

रुपेशनेच विषय काढला. "बोरासाहेब भेटले. मी हो म्हटलंय. माझ्याच बोटीवर घेऊ."

"दादा, तुला मी सांगितलंय खाली काय उरलंय ते."

"सांगितलंस. मला समजलं पण." त्याने ताट पुढे सरकवलं. "काल नाटेकराने बोट मोडीत काढली. कटर लावून कापतात, बघवत नाही. एक हंगाम दे गो मला. एकच. माणसं परत बोलवीन, मग तुझा समुद्र मोकळा सोड."

प्रणालीने मान वर केली नाही. ती भात कालवत होती.

सायलीवहिनीच्या हातातली पळी खाली आपटली. "ताई, तुम्ही काहीतरी बोला तरी. नाहीतर रडा. भांडा त्यांच्याशी. सासूबाई गेल्या तेव्हा गाव गोळा करून रडला होतात, आणि आता दर्या मेलाय, तर तुम्ही भात कालवताय. नुसत्या बघत असता. मला भीती वाटते तुमची."

"मला येत नाहीये, वहिनी," प्रणाली म्हणाली. हे तिने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. वहिनीने पळी उचलली आणि तिच्या ताटात आणखी डाळ वाढली.

प्रणालीने ठेका काढून दिला. का दिला, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. पुढ्यात आलेलं काम ती करत होती, एवढंच.

चाचणीच्या दिवशी सकाळी समुद्र तुपासारखा निवळ होता. बोटीवर तिघंच होती: रुपेश सुकाणूवर, मुनाफ जाळ्यापाशी, प्रणाली केबिनमध्ये पडद्यासमोर. जाळं चाचणीपुरतं, लहान. बोराला बोट लागायची, म्हणून तो किनाऱ्यावरच थांबला होता. तराफ्यांचं कडं सुटलं. प्रणालीने ठेका सुरू केला, आणि पडद्यावर बाणांचे जाड, संथ भोवरे उमटू लागले. सुरमईचे. तिने ते पाहिले आणि मनात म्हणाली, बरोबर आहेत.

कडं आवळत आलं. मुनाफ एकदम ओरडला, "भाई! पाणी काळं झालं!"

थवा वर आला की द्यायची ही हाक दोन वर्षांत कुणी दिली नव्हती. रुपेश सुकाणू सोडून धावला. जाळ्याच्या तळाची दोरी विंचच्या चाकावर आवळली आणि जाळं खालून मिटलं. आत तारली होती. खच्चून होती. मुनाफ हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रुपेशने कोपरापर्यंत हात घालून मासे वर उचलले आणि पुन्हा सोडले, नुसते हाताला लागावेत म्हणून.

प्रणालीचा फोन वाजला. बोरा होता. "मॅडम, काही हाती लागलं?"

"नाही," ती म्हणाली. "काही आलं नाही."

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला कळलं की ते आपले आहेत. "ठेका जुळत नाहीये. मी बदलून आणखी एक फेरी घेते, तिचं चित्रण पाठवते. पण मला आशा वाटत नाही." तिने फोन ठेवला. पहिल्या फेरीचं चित्रण पडद्यावर उघडं होतं. तिने ते पुसलं.

ती वळली तेव्हा रुपेश केबिनच्या दारात उभा होता. त्याच्या हातांवरून पाणी गळत होतं.

"काय सांगितलंस त्याला?"

"ऐकलंस ना."

"आत जाळं भरलंय, पने." त्याचा आवाज अगदी हळू होता. "ह्या बंदरातली अर्धी माणसं त्या जाळ्यावर परत येतील. तू कोण ठरवणार?"

"मला माहीत नाही मी कोण." तिने फोन त्याच्यापुढे धरला. "तू सांग त्याला खरं. मी खोटं बोलले म्हणून सांग. मी काही म्हणणार नाही."

रुपेशने फोन हिसकावून घेतला. तो तसाच बाहेर गेला आणि कठड्याला टेकून नंबर शोधू लागला. प्रणाली त्याच्यामागे गेली, म्हणूनच पुढचं तिला दिसलं.

जाळ्यातली तारली फिरू लागली होती. सुरुवातीला ती नुसती एकमेकींवर आपटत होती. जागाच इतकी कमी होती, की बाजूला व्हायला कुणाला वाव नव्हता. भोवरा टाळला तर दुसरा भोवरा लागे. मग एका कडेने काही वळल्या, त्यांच्या मागे लगतच्या वळल्या, आणि बघता बघता सगळं जाळं एका दिशेने गोल फिरायला लागलं. एकच अंग असल्यासारखं. पोटं उन्हात एकदम चमकत आणि एकदम विझत. ते तिघांनीही लहानपणापासून पाहिलेलं होतं आणि गेल्या काही हंगामांत पाहिलं नव्हतं.

रुपेशच्या कानाला फोन तसाच होता. पलीकडून बोराचा आवाज येत होता, "हॅलो? रुपेशभाऊ? बोला."

रुपेश जाळ्याकडे बघत होता. "साहेब," तो म्हणाला, "रिकामं आहे. काही नाही." आणि त्याने फोन प्रणालीच्या हातात दिला.

मग तो जाळ्याच्या काठापाशी गेला आणि काठ तरंगता ठेवणारी बुचांची दोरी पाण्याखाली दाबू लागला. एकट्याने ती दबत नव्हती. "मुनाफ, ये," तो म्हणाला.

"भाई, डोकं फिरलं काय तुमचं? दोन वर्षं..."

"ये."

मुनाफने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मुनाफच्या मुठीत एक तारली होती, घरी न्यायला म्हणून धरलेली. त्याने ती पाण्यात टाकली आणि येऊन दोरीवर आपलं वजन टाकलं.

काठ बुडाला. फिरतं चाक एका बाजूने उलगडलं आणि तारली बाहेर वाहू लागली. थोडं अंतर ती एकत्र गेली. एक लांबट काळी सावली, शेवटी जरा वळणारी. मग कडेच्या सुटल्या, मग आणखी सुटल्या. खाली उतरताना किती एकत्र होत्या, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

प्रणालीने ठेका मुद्दाम चुकवून दुसरी फेरी घेतली. तिचं चित्रण खरं होतं, त्यात खरोखरच काही आलं नाही. ते तिने पाठवून दिलं.

परतताना रुपेश सुकाणूवर उभा होता. बंदराचा दिवा दिसू लागल्यावर म्हणाला, "दुसरं कुणी शोधील ना हा ठेका?"

"शोधील."

"कधी?"

"दोन-तीन वर्षं लागतील."

"तेवढ्यात होईल काही?"

"ठाऊक नाही, दादा."

त्याने मान हलवली. "बोट विकतो मी. बंदरात उभी दिसली तर एखाद दिवशी जाईन बाहेर. माझं मला ठाऊक."

जेटीवर माणसं उभी होती. बातमी कशी पसरते कोण जाणे. बायका रिकामे क्रेट घेऊन आल्या होत्या. पुढे सायलीवहिनी होती. कुणीतरी वरून ओरडून विचारलं, "काय आलं रे?" रुपेशने दोन्ही हात उलटे करून दाखवले. नाही. माणसं क्षणभर तशीच थांबली, मग एकेक करून पांगू लागली. क्रेट फरशीवर घासत जाण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

रुपेश शिडी चढून वर आला. वहिनी त्याच्यासमोर उभी होती. ती काहीतरी विचारणार होती, आणि तिची नजर त्याच्या हातांवर गेली.

तारलीचे खवले सैल असतात, हात लावला की सुटतात. मनगटापासून कोपरापर्यंत त्याचे दोन्ही हात रुपेरी झाले होते, चिकटलेले, अर्धवट वाळलेले. एखाददुसऱ्या माशाने इतके खवले येत नाहीत, हे बंदरात जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागलं नसतं.

वहिनीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या प्रणालीकडे पाहिलं. मग वळून, लांब जाणाऱ्या माणसांकडे. प्रणालीला वाटलं, ही आता हाक मारणार. तिने मारली असती तर चुकलंही नसतं.

वहिनीने खांद्यावरची ओढणी ओढली, त्याचा एक हात आपल्या हातात घेतला आणि खवले पुसायला लागली. घाईने, दाबून, वरून खाली. दुसरा हात घेतला. ओढणी चमकायला लागली, तशी ती तिने उलटी करून खांद्यावर टाकली.

"घरी चला," ती म्हणाली. "आंघोळीला पाणी काढते." मग प्रणालीजवळ येऊन तिने तिच्या कपाळावर, केसांच्या कडेशी नख लावलं आणि अडकलेला एक खवला सोडवला.

ते नख प्रणालीला लागलं. जरासंच, पण लागलं. तिने हात कपाळाशी नेला आणि तसाच तिथे धरून ती जेटीवर उभी राहिली.